भाटकरअण्णांच्या वहीतला कोरा रकाना

यशवंत धोंडू भाटकर, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अण्णा, यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात मीही लिहावं, असं समितीनं कळवलं तेव्हा मी उलट विचारलं, “खरं लिहिलं तर चालेल का?” कारण अण्णांशी माझी पहिली ओळख झाली ती भांडणातून, आणि त्या भांडणात सगळी चूक माझी होती. समितीनं अण्णांनाच विचारलं. अण्णांचा निरोप आला, “खोटं लिहायचं असेल तर तिला सांगा, नको लिहूस.” तेव्हा लिहिते आहे.

ज्यांना अण्णा केवळ नावानं माहीत आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. अण्णांची सारी नोकरी मुंबईच्या विमानतळावर, इमिग्रेशनच्या काउंटरमागे गेली. देशाच्या उंबरठ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा पासपोर्ट तपासायचा, शंका आली तर माणसाला बाजूला घ्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ते रत्नागिरीजवळ नाचणे गावी येऊन राहिले. आपल्याकडे घराघरातला कुणी ना कुणी बोटीवर किंवा आखातात. त्यांच्यासाठी अण्णा दर रविवारी सकाळी आपल्या पडवीत वर्ग घेतात. परदेशात सीमेवरच्या अधिकाऱ्यानं अडवलं तर काय करायचं, काय मागायचं आणि काय करायचं नाही, एवढाच विषय. पडवीत एक टेबल, दोन खुर्च्या, बाकीच्यांसाठी भिंतीशी एक लांब बाक. एका खुर्चीवर अण्णा अधिकारी होऊन बसतात, दुसऱ्या खुर्चीवर जाणाऱ्यानं बसायचं. फी नाही, पण सुलभाकाकूंचा चहा घेतल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत.

माझे पती संदीप बोटीवर मोटरमन, म्हणजे इंजिनवरचे कामगार, आहेत. त्या वर्षी त्यांना नव्या कंपनीची बोट मिळाली होती आणि ती धरायला एका परक्या देशात विमानानं जायचं होतं. (त्या देशाचं नाव लिहीत नाही. अण्णांनी शिकवलंय की जे घडलं ते कुठंही घडू शकतं.) निघायच्या आदल्या रविवारी आम्ही दोघं भरलेली बॅग घेऊन अण्णांकडे गेलो, कारण बॅग भरूनच आणायची, असा त्यांचा नियम होता.

अण्णांनी संदीपना खुर्चीवर बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“ही बॅग कोणी भरली?”

“मीच.”

“सगळी?”

“हो, सगळी.”

अण्णांनी चेन उघडली. एकेक पुडा टेबलावर यायला लागला. आंबोशी, सोडे, कोकम, मेतकूट, खोबरेल तेलाची बाटली, आणि एका बिनछापाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोऱ्यानं बांधलेलं नाचणीचं सत्त्व. आमच्या मिऱ्याच्या वाडीत कुणी लांब निघाला की शेजारपाजारचे आपापल्या माणसांसाठी पुडे आणून देतात. नाही म्हणायची पद्धत नाही. आणि दुसरी पद्धत अशी की नेणाऱ्यानं ते ओझं आपलंच म्हणायचं. कुणी विचारलं “कुणाचं?” तर उत्तर एकच, “घरचंच.” देणाऱ्याचं नाव घेणं म्हणजे उपकार मोजणं.

“हे पीठ कुणाचं?” अण्णांनी सत्त्वाची पिशवी उचलून विचारलं.

संदीप घुटमळले. “ते… कमळवहिनींनी दिलंय. त्यांच्या रुपेशच्या बाळासाठी.”

अण्णांनी बाकीच्या पुड्यांचीही घरं वदवून घेतली. “मग बॅग तुम्ही भरली नाही. नऊ घरांनी मिळून भरली. आणि मला सांगितलंत, मी भरली. इथंच तुम्ही अडकलात.”

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! वर्गात आणखी सहा-सात जण बसलेले, लोटे गावच्या कंपनीतली नोकरी सोडून बोटीवर निघालेला एक जण तर हसलासुद्धा. त्यांच्यासमोर आमच्या वाडीचे सोडे-आंबोशी मांडून ठेवलेले. मी ताडकन उठले आणि म्हटलं, “आमची माणसं नोकरीला जातायत, चोऱ्या करायला नाही. शेजारधर्म पाळणं हा गुन्हा कधीपासून झाला?” पुडे परत बॅगेत कोंबले आणि संदीपना घेऊन निघाले. अण्णा रागावले नाहीत. आम्ही पायऱ्या उतरत असताना मागून एवढंच म्हणाले, “एक लक्षात ठेवा. समजलं नाही त्या कागदावर सही करायची नाही. दुभाष्या मागायचा. तो मागता येतो.” संदीपनी मागं वळून मान डोलावली. मी वळलेसुद्धा नाही.

मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. संदीप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या सुमारास, मुंबईहून त्यांच्या कंपनीतल्या कारकुनाचा फोन आला. “तुमच्या मिस्टरांना तिकडे एअरपोर्टवर अडवलंय. बॅगेत कसली तरी पावडर सापडलीये. बोट उद्या संध्याकाळी सुटतेय. बघू.” त्या ‘बघू’वर त्यानं फोन ठेवला. संदीपची बोट चुकली तर नोकरी जाणार, हे कळत होतं. आणि पावडरीचं काही भलतंच निघालं तर माणूसच परत येणार नाही, हे त्याहून जास्त कळत होतं.

कुणाकडे जावं? रत्नागिरीत एकच माणूस होता आणि त्याच्या पडवीतून मी फणकाऱ्यानं उठून आले होते. रिक्षात बसून नाचण्यापर्यंत मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. अण्णा अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते. मला पाहिलं, हात झटकले आणि म्हणाले, “बसा. पाणी प्या. फोन कितीला आला?”

मी माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, “ते नंतर. फोन कितीला आला?”

आज इतक्या वर्षांनी सांगते, त्या दिवशी आणि त्यानंतरही, अण्णांनी त्या रविवारचा एका शब्दानं उल्लेख केला नाही. ‘सांगितलं होतं ना’ हे वाक्य म्हणायचा एवढा हक्क क्वचित कुणाला मिळतो. अण्णांनी तो वापरलाच नाही. माझ्या लेखी त्यांचा मोठेपणा सिद्ध करायला तेवढं पुरे आहे.

त्यांनी एक कोरा कागद घेतला, वर वेळ टाकली आणि मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं ‘कळलेलं’, उजवीकडे ‘वाटलेलं’. म्हणाले, “आता बोला.” मी जे बोलत गेले त्यातलं जवळजवळ सगळं उजवीकडे गेलं. तुरुंगात टाकणार, मारहाण करणार, मुलीचं शिक्षण, सगळं उजवीकडे. डावीकडे दोनच ओळी राहिल्या. अडवलं आहे. पावडर सापडली आहे. रडू येत असतानासुद्धा मला त्या दोन ओळींकडे बघून जरा धीर आला. भीती एवढी मोठी आणि माहिती एवढीशी, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

मग त्यांनी कंपनीला फोन लावला. आवाज अगदी मऊ, दर वाक्याला ‘सर’, पण प्रश्न सोडायचे नाहीत. माणूस आत्ता कुठं आहे? कितीपासून? त्याला कारण सांगितलं का, आणि कुठल्या भाषेत? प्रवेश नाकारलाय की गुन्ह्याचा संशय आहे? दोन्हींची वाट वेगळी असते. काय काय काढून घेतलं त्याची यादी दिली का? रक्तदाबाची गोळी त्याच्याजवळ आहे की बॅगेत राहिली? आपल्या वकिलातीला कळवा, असं त्यानं म्हटलंय का? पलीकडचा कारकून आधी वैतागला. मग म्हणाला, “थांबा, कंपनीच्या तिथल्या एजंटला विचारतो.” अर्ध्या तासानं त्याचा परत फोन आला तेव्हा त्याच्या बोलण्यातून ‘बघू’ गेलं होतं.

त्यातून कळलं ते असं. संदीपपुढे एक कागद ठेवला होता, तिथल्या भाषेतला. पावडर आपलीच आहे आणि आपण ती जाहीर केली नाही, अशा अर्थाचं काहीतरी. संदीपनी सही केली नव्हती. हिंदी दुभाष्या मागितला होता. तो यायचा होता.

अण्णांनी ते डावीकडच्या रकान्यात लिहिलं आणि म्हणाले, “झकास.” बस एवढंच. माझ्या छातीवरचा पहिला दगड तिथं उतरला.

वकिलातीला पाठवायचं पत्र मी टाइप करायला बसले. पहिलंच वाक्य लिहिलं, ‘माझे पती पूर्णपणे निर्दोष आहेत.’ अण्णांनी ते खोडलं. “ते ठरायचंय. वकिलातीनं ते ठरवायचं नसतं. त्यांच्याकडे मागायचं ते हे की आपला माणूस अडवलेला आहे, त्याला जाऊन भेटा, त्याला समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं जातंय का बघा, आणि घरच्यांना कळवा. तेवढं मागायचा हक्क आहे. जो हक्क आहे तो स्पष्ट मागावा, जो नाही त्यासाठी रडू नये.” पत्र सात ओळींचं झालं. नाव, पासपोर्टचा नंबर, विमान, ठिकाण, वेळ, मागणी, माझा फोन.

पण गाठ दुसरीकडेच बसली होती. एजंटच्या सांगण्यातून कळलं की ‘हे पीठ कुणाचं?’ या प्रश्नाला संदीपनी उत्तर दिलं होतं, ‘माझं.’ ‘कशासाठी?’ ‘बाळासाठी.’ ‘तुझं बाळ इथं आहे का?’ ‘नाही.’ आमची मुलगी तेव्हा सातवीत, इथं रत्नागिरीत. अधिकाऱ्याला शंका येणार नाही तर काय होणार! मी कपाळावर हात मारला. वाडीची रीत त्यांनी तिथंही पाळली होती. कमळवहिनींचं नाव घेतलं तर त्यांच्या रुपेशला त्रास होईल, म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बसले होते. रुपेश त्याच शहरात एका हॉटेलात कामाला होता.

“आता ते पीठ जिनं दिलं तिनं सांगायला हवं,” अण्णा म्हणाले आणि पायात चपला घालून माझ्याबरोबर रिक्षात बसले.

कमळवहिनी ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी जे झालं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण पुढच्याच क्षणी हात झटकून उठल्या. “संदीपनं माजा नाव सांगितलान नाय ना? मग मी कशाला सांगू? माज्या रुपेशला धरतील त्ये. लहान पोर हाय त्याचा.”

मी चिडून काहीतरी बोलणार, तोच अण्णांनी मला हातानं थांबवलं. वहिनींनी त्यांच्याकडे बघून विचारलं, “आणि तुमी कोण? तुमीबी त्यांच्यातलेच ना? माणसांना धरून ठेवनारे?”

“हो,” अण्णा म्हणाले, “त्यांच्यातलाच.” आणि ओट्याच्या कडेला बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आता ते रविवारच्या वर्गात नेहमी सांगतात, पण त्या दिवशी त्यांना ते सांगताना जड जात होतं.

अण्णा नोकरीत नवे होते. खेडकडचे एक म्हातारे गृहस्थ मुलाकडे परदेशी निघाले होते. पासपोर्टावरचं नाव आणि व्हिसावरचं नाव यात थोडा फरक होता. अण्णांनी त्यांना म्हटलं, “तिथं बाकावर बसा. बघतो.” वरिष्ठांना विचारायचं होतं. तेवढ्यात दुसरं काम आलं, पाळी संपली, अण्णा घरी गेले. दुसऱ्या दिवशी कामावर आले तर म्हातारे त्याच बाकावर. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाटलं होतं की हे दुसऱ्या कुणाचं तरी प्रकरण आहे. कुठं काही लिहिलेलं नव्हतं. अण्णांना पाहून ते उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “साहेब, आलात?” त्यांनी पाणीसुद्धा प्यायलेलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “उठलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, पळाला.” कागद दहा मिनिटांत सुटले. विमान कधीच गेलं होतं.

“मी त्यांना मारलं नाही, शिवी दिली नाही,” अण्णा वहिनींना म्हणाले. “फक्त लिहिलं नाही. जो माणूस कागदावर नसतो तो कुणालाच दिसत नाही, वहिनी. संदीप आत्ता तसाच बसलाय. त्याच्या कागदावर खोटं आहे, कारण त्यानं तुमची लाज राखली. खरं लिहून दिलंत तर तोही सुटेल आणि रुपेशला कुणी धरणार नाही. नाचणी हा गुन्हा नाही. लपवली तर तसं दिसतं, एवढंच.”

वहिनींनी सुकटाचं सूप बाजूला सारलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, “पाणी प्यायला नाय म्हाताऱ्यानं?”

“नाही.”

“लिवा मग. सत्त्व मी केलाय, माज्या हातानं.”

आणि सुरू झाल्या. नाचणी किती दिवस भिजवली, मोड कसे आणले, वाटून फडक्यातून कसं गाळलं, ताटात कसं वाळवलं. अण्णांनी एक अक्षर गाळू दिलं नाही. मी म्हटलं, अण्णा, पाककृती कशाला? तर म्हणाले, “तिकडच्या अधिकाऱ्यानं नाचणी बघितलेली नाही. त्याला ते माहीत करून देणं आपलं काम. तो काही शत्रू नाही. त्याची पाळी संपत आली असेल, पाय दुखत असतील, पुढ्यात बिननावाची पिशवी असेल. त्यानं विचारायलाच हवं.” खाली वहिनींची सही, तारीख, वेळ. इंग्रजी मी केलं. रुपेशला फोन गेला आणि कागद ई-मेलनं. तो कागद छापून, आपली ओळखपत्रं घेऊन, बाळाला कडेवर घेतलेल्या बायकोसह विमानतळावर गेला आणि सरळ म्हणाला, “हे पीठ माझ्यासाठी आहे.” वकिलातीतले एक गृहस्थही तोवर पोचले होते.

पुढचा दिवस कसा गेला ते लिहीत नाही. शाळेत मी तीन दाखले चुकीच्या नावानं काढले, एवढ्यावरून ओळखा. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. संदीपचा आवाज. “सोडलं. आत्ताच. तपासणीत धान्याचं पीठ निघालं. बोट संध्याकाळी आहे, निघालोय तिकडेच.” मी नुसतीच ‘बरं, बरं’ म्हणत राहिले. मग शाळेच्या ओट्यावर बसून अशी काही रडले की मुख्याध्यापिका धावत आल्या, त्यांना वाटलं काही वाईट झालं. मी हसत हसत रडत होते. असं सुटल्यासारखं मला आयुष्यात तोवर कधी वाटलं नव्हतं.

संदीपनी नंतर सांगितलं की दुभाष्या आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं, “मी आधी खोटं बोललो. पीठ शेजारणीचं आहे.” त्या वेळी रुपेश बाहेर आलाय हे त्यांना माहीत नव्हतं आणि इकडे वहिनींनी लिहून दिलंय हेही माहीत नव्हतं. दोन्हीकडचं खरं एकमेकांशी जुळलं, म्हणून काम सोपं झालं. त्या अधिकाऱ्यानंही, खरं सांगायचं तर, त्यांना जेवण दिलं, गोळी दिली आणि सोडताना कागदाची प्रत दिली.

त्याच संध्याकाळी मी पेढे घेऊन नाचण्याला गेले. माफी मागितली. अण्णांनी पेढा घेतला, माफीकडे दुर्लक्ष केलं आणि विचारलं, “कितीला सोडलं?”

“दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला.”

“फोन आला. सोडलं कितीला?”

आता बोला! शेवटी संदीपना बोटीवर निरोप पाठवून मी ती वेळ विचारून घेतली. प्रतीवर लिहिलेली होती, एक वाजून पंचावन्न. तेव्हा कुठं अण्णांचं समाधान झालं. आत गेले आणि एक जुनी, शाळेतल्या मुलांची असते तसली वही घेऊन आले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती स्वतःच्या पैशानं आणली होती. खात्यानं सांगितली नव्हती. कुणाला आत घेतलं की एक ओळ. आत घेतल्याची वेळ, कारण, ते कुठल्या भाषेत सांगितलं, पाणी, जेवण, औषध, घरी निरोप, सोडल्याची वेळ. नावं नाहीत. ‘आई व मूल’, ‘एक विद्यार्थी’, ‘चष्मा फुटलेले गृहस्थ’, असंच. सहकारी त्यांना हसायचे, ‘भाटकरांचं हजेरीबुक’ म्हणायचे. पण पुढे पुढे पाळी बदलताना तेच सहकारी विचारायला लागले, “भाटकर, बाकावर कोण आहे?” अण्णांना एवढंच हवं होतं.

वहीतली शेवटची ओळ अण्णांनी माझ्यासमोर लिहिली. ‘एक मोटरमन, मिऱ्या.’ सगळे रकाने भरले. मग वही उलटून त्यांनी पहिलं पान काढलं. पहिली ओळ होती, ‘एक वृद्ध, खेडकडचे.’ पुढे कारण होतं, सोडल्याची वेळ होती. पाणी, ‘नाही.’ आणि आत घेतल्याच्या वेळेचा रकाना कोरा.

“हा का रिकामा?” मी विचारलं.

“मला माहीत नाही ती वेळ. मी बघितलंच नव्हतं घड्याळ.”

“अंदाजानं लिहायची.”

“वाटलेलं कळलेल्यात लिहायचं नसतं,” अण्णा म्हणाले. मग वही मिटत म्हणाले, “ती जागा काही भरत नाही, शुभांगी. पण तुमची ओळ पुरी झाली. आज झोप लागेल.” त्यांचे डोळे भरले होते. मला वाटत होतं की सुटका आमच्या घराची झाली. त्या पडवीत मला कळलं की थोडी त्यांचीही झाली.

तेव्हापासून मी दर रविवारी वर्गाला जाते, ऐकायला नव्हे, कामाला. झेरॉक्स काढते, नावं लिहिते आणि अण्णांचा घसा बसला की अधिकाऱ्याच्या खुर्चीवर मी बसते. “ही बॅग कोणी भरली?” असं मी विचारते तेव्हा समोर बसलेल्याच्या बायकोच्या कपाळावरची आठी मला ओळखीची असते. अंजनवेलची एक जण तर माझ्यासारखीच फणकाऱ्यानं उठून गेली. मी तिच्या मागं पायऱ्या उतरून गेले. मी काय सांगितलं असेल ते वाचकांना माहीतच आहे.

आमच्या वाडीत पुडे अजून येतात. का येऊ नयेत? पण आता प्रत्येक पुड्यावर चिठ्ठी असते. काय आहे, कुणी बांधलं, कुणासाठी. कमळवहिनी तर त्यावर ‘मोड आणून वाळवलेली’ असंही लिहितात. जाणारा माणूसही नऊ घरचं ओझं न लाजता नऊ घरांच्या नावानं नेतो. नाव घेतल्यानं उपकार मोजले जात नाहीत, हे आम्हाला कळायला एवढं व्हावं लागलं.

अण्णांबद्दल सगळं गोडच लिहिलं तर त्यांना संशय येईल, म्हणून तक्रारही नोंदवते. ते हट्टी आहेत. लग्नाच्या पत्रिकेवरचा मुहूर्त आणि प्रत्यक्ष पडलेल्या अक्षता यांतल्या मिनिटांचा फरक ते यजमानांना ऐकवतात. सुलभाकाकूंना चहा किती वाजता दिला, असं विचारतात. काकू म्हणतात, “चाळीस वर्षं मी यांच्या ताब्यात आहे, अजून कारण सांगितलेलं नाही.” यावर अण्णा खळखळून हसतात, पण कारण काही सांगत नाहीत.

सत्काराच्या दिवशी जे भेटवस्तू घेऊन येतील त्यांना आधीच सांगून ठेवते. अण्णा प्रत्येक पुडा उघडून विचारणार आहेत, कुणाचं, आत काय, स्वतः बांधलंत का. खरं उत्तर द्यावं. मी नेणार आहे नाचणीचं सत्त्व, वहिनींच्या हातचं, चिठ्ठीसकट. अण्णांचे दात आता पूर्वीसारखे नाहीत, त्यांना ते सोसेल.

अण्णा, आपण शिकवलंत की कुठलाही रकाना कोरा सोडू नये. आज पहिल्यांदा मी आपलं ऐकणार नाही. आपण या जगात आलात ती वेळ आपल्या आईंनी सांगितलेली आहे, ती लिहिली. पाणी, जेवण, औषध वेळच्या वेळी मिळतं, याची साक्ष सुलभाकाकू देतील. घरी निरोप द्यायची गरज नाही, सारं रत्नागिरी आपलं घर आहे. शेवटचा, सोडल्याच्या वेळेचा, तेवढा रकाना मात्र कोरा राहू द्या. आम्हाला घाई नाही. आपल्या पडवीतल्या त्या बाकावर आम्ही सगळे आपल्याजवळ बसून आहोत, निरोगी, आनंदात, पुष्कळ वर्षं. आणि या वेळी, अण्णा, आम्ही इथं बसलोय हे सगळ्यांना माहीत आहे.